नत्थुजींच्या डबीतलं पेनिसिलिन

अंजनगाव सुर्जीच्या नत्थुजींना पेनिसिलिनच्या गोळ्या उरवण्यात दुहेरी फायदा दिसत होता. दुखणं निम्म्या औषधात आटोपायचं, आणि उरलेल्या गोळ्यांवर मोहल्ल्यात डॉक्टरकीचा मान मिळायचा. फुकटातली वस्तू नत्थुजींनी कधी सोडली नव्हती, मान कसा सोडतील?

त्यांना बसायच्या जागी गळू व्हायचं. परतवाड्याचे डॉ. देवमन इंगळे गोळ्या द्यायचे, सगळ्या संपवा म्हणून बजावायचे. ठणका थांबून नीट बसता आलं, की उरलेल्या गोळ्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत जायच्या. मग शेजारच्या इंदूबाई शिंकल्या तरी डबी उघडायची.

"घ्या, लय जालीम गोळी हाये."

"पण मले तं नुसतं पडसं हाये, भाऊजी."

"म्हणून तं एकच देऊन राहिलो."

एकोणीसशे बासष्टच्या गळवाला मात्र गोळी लागू पडेना. नत्थुजी लग्नाच्या पंगतीत उभ्यानं जेवले, बैलबंडीत पालथे पडून बाजाराला गेले. लोक हसले. पण त्यांना पोटीस बांधता बांधता बायकोच्या, सुभद्राबाईंच्या उजव्या अंगठ्याला तसंच गळू झालं. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. डबीतल्या गोळ्या संपल्या तरी उतार पडेना. इंगळ्यांनी पू तपासायला पाठवला आणि बाईंना अमरावतीच्या दवाखान्यात हलवलं. हात ठेवायचा की कापायचा, असं तिथं बोलणं सुरू झालं.

तपासणीचा निकाल घेऊन इंगळे भेटायला आले. "या जंतूंवर पेनिसिलिन चालत नाही."

"औषधच भेसळीचं असन," नत्थुजी म्हणाले.

"औषध चोख हाये. कपाशीचं बियाणं कोन्त्या झाडाचं ठेवता तुमी?"

नत्थुजी खुलले. "पाण्याचा खंड अन् कीड सोसून जे झाड उभं राह्यलं, त्याचंच. नेभळं आमी ठेवतच नाई."

"जंतूंचंही तेच केलं तुमी. गोळी-दोन गोळीत नेभळे मेले, चिवट तेवढे उरले. त्याईचा चिवटपणा आता त्याईच्या पोरानातवात उतरला. उरल्यासुरल्या गोळ्या वाटून तुमी अख्ख्या मोहल्ल्यात ते वाण पेरून राहिले."

खाटेवरून सुभद्राबाई म्हणाल्या, "अन् पीक सारं माह्या आंगठ्यावर आलं."

दुसऱ्या, नव्या औषधानं ताप उतरला. हात वाचला, अंगठा तेवढा कायमचा ताठ राहिला.

त्यानंतर इंदूबाई पडशाची गोळी मागायला आल्या, तेव्हा नत्थुजी म्हणाले, "पडशाले हे औषध नाई, वैनी. अन् डाक्टर ज्या दुखण्याले देईन, त्या दुखण्याले सारं खा. मले शहाणपण लय उशिरा आलं."

वाचकहो, औषध उरवलं म्हणजे वाचवलं, असं नाही. घरात उरते ती गोळी, अंगात उरतो तो जंतू, आणि तो घरच्यादारच्यांच्या अंगात शिरताना परवानगी मागत नाही.

आता हिशेब पाहा. गळू नत्थुजींचं, गोळ्या नत्थुजींच्या, मानही नत्थुजींनीच घेतला. त्या दिवाळीनंतर कापूस वेचायला बसलेल्या सुभद्राबाईंना उजव्या हातानं बोंड धरता येईना. त्या डाव्या हातानं वेचायला शिकल्या.