झाकणावरची नावं

रंजीताने चारही नावं निवडली, शेजारचं वर्तुळ निवडलं आणि माउस दाबला. सरळ ओळ उठली नि वर्तुळाच्या कडेकडेने वाकत गोल फिरली.

तिच्या छपाईच्या दुकानात मागे स्टुलांवर बसलेल्या सोमारी आणि रुखमाचं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं.

धानोऱ्याकडच्या या चार बायांच्या गटाचे मोहाचे लाडू उद्या गडचिरोलीच्या प्रदर्शनात जायचे होते. डबे भरून तयार होते. अडलं होतं ते झाकणावरच्या नावांपाशी. गट सोमारीने उभा केला, तेव्हा पहिलं नाव तिचं. पण मोहफुलं रुखमा भाजायची, आणि ती करपू न देणं काही सोपं नाही, तेव्हा पहिलं नाव तिचंही. दुसरं लिहिलं तर मी गटातच नाई, असं बजावूनच रुखमा बसमध्ये चढली होती.

"आता सांगा, कोन पयले?" रंजीताने विचारलं.

रुखमा पुढे वाकली. "हे तं तुटलं ना, बाई."

खरंच होतं. वाकवलं की अक्षरांवरची रेघ फाकते. सॉफ्टवेअरला मराठीची तेवढी माया नाही. रंजीता एकेक फट ओढून सांधत बसली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लोकांच्या लग्नाच्या बॅनरांवर नावं बिघडवत बिघडवत ती शिकली होती. शेवटी चारही नावं एकाच गोल रेघेला लटकली.

"खालच्या बाया उलट्या काऊन?" सोमारी म्हणाली.

"त्यायले सरळ केलं तं पुन्हा वर-खाली होते. पुन्हा भांडाल."

"आमी कुठी भांडून राह्यलो?" दोघी एकदम म्हणाल्या.

रंजीताने एक स्टिकर छापून रिकाम्या झाकणावर चिकटवला. सोमारीने झाकण फिरवून आपलं नाव वर आणलं, लांब धरून सावकाश वाचलं.

मग रुखमाने ते घेतलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. आवाज उतरवून म्हणाली,

"मी कुठी आहो?"

रंजीता काही बोलणार, तोच सोमारीने रुखमाच्या हातातलं झाकण हळूच फिरवलं आणि तिचा अंगठा धरून नावावर टेकवला.

"इथी. सगळ्याइच्या वर."

"अन् तू?"

"मी खाली. डोकं खाली, पाय वर."

रुखमा हसली. अंगठा न उचलता तिने दुसऱ्या हाताचं बोट सोमारीपुढे धरलं.

"दाखव."