सैल सोडा, पप्पा

प्रार्थनाला मुळी दमच निघत नसे. चहाला उकळी यायच्या आत गाळणी पुढे करणारी ही पोर फिजिओथेरपी शिकते काय आणि संगमनेरातल्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटते काय, गल्लीला नवलच वाटायचं. आणि शहाण्णव सालच्या त्या सकाळी तिचे वडील यशया पाण्याची मोटर उचलायला वाकले, ते वाकलेलेच राहिले.

“गोरक्षला निरोप धाडलाय,” आई म्हणाली. “येईल एवढ्यात.”

गोरक्ष पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं कमरेत लाथ मारली की उसण पळते, यावर अख्ख्या गल्लीचा विश्वास. त्याच्या लाथेनं उन्हाळ्यात एका म्हातारीनं अंथरूण धरलं होतं, ते मात्र सगळे सोयीनं विसरले होते.

“आधी मी बघते,” म्हणत तिनं वडिलांना खाटेवर उताणं निजवलं. तिच्या दवाखान्यातल्या खाटेला त्यांची पाठ आज पहिल्यांदाच लागत होती. तिनं कंबरेच्या हाडाच्या आत, पोटाशी बोट दाबलं.

“आई गं! दुखतंय पाठीत आन् दाबतीस पोटात?”

“इथलाच स्नायू आखडून कंबर ओढतोय, पप्पा.”

पुण्याच्या शिबिरात ती हे शिकली होती. आखडलेला स्नायू ताणायचा नाही. तो आखडलाय तिकडंच त्याला आणखी मिटू द्यायचं, दीड मिनिट धरायचं, मग अगदी हळू सरळ करायचं. रुग्णानं मात्र कसलीच मदत करायची नाही.

एक पाय खाटेवर रोवून तिनं त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून आपल्या मांडीवर घेतले. बोटाखालची गाठ काही मऊ पडेना. तिनं पाय जरा डावीकडे नेले, मग उजवीकडे. एक डोळा घड्याळावर, एक खिडकीबाहेर.

“सैल सोडा ना!”

“सोडलंय की.”

त्यांच्या पोटऱ्या तर थरथरत होत्या. तिनं खाली पाहिलं. पाय तिच्या मांडीला लागलेच नव्हते. बोटभर वर, आपल्याच ताकदीनं धरून ठेवले होते त्यांनी.

“पप्पा, टेकवा की!”

“न्हाई. लेकीच्या अंगाला पाय लावू व्हय? जल्मलीस तवापून कदी लागू दिला न्हाई.”

प्रार्थनाचा पारा चढला. “गोरक्षची लाथ चालते, माझी मांडी चालत नाही!” आणि मग तिचे डोळेच भरून आले. “तुम्हीच माझ्यावर भार टाकणार नसाल, तर उद्या दुसऱ्या कुणाला मी कुठल्या तोंडानं निजवू इथं?”

मग यशयांची एक टाच टेकली, मागून दुसरी, आणि सगळं वजन एकदम आलं. प्रार्थना क्षणभर डगमगली. बोटाखालची गाठ विरघळू लागली. दारात सायकल थांबली, आईनं “आला बरं का!” म्हणून हाक दिली, तरी ती जागची हलली नाही.

वेळ भरल्यावर तिनं पाय हळूहळू उतरवायला घेतले. पप्पा आता ते स्वतःच उचलून धरतील, अशी तिला धास्ती होती. त्यांनी नाही धरले.

“गोरक्षला चहा द्या आन् वाटंला लावून द्या,” ते म्हणाले. मग हळूच, “तुला लई जड झालं का गं?”

“झालं,” ती म्हणाली, आणि मुळीच घाई न करता त्यांचे पाय उतरवत राहिली.