माझी बहीण उद्या येईल

मी एक जुनी, कोपरे दुमडलेली भाषापुस्तिका आहे. माझ्या डाव्या पानावर मराठी वाक्य असते आणि उजव्या पानावर तेच वाक्य परक्या भाषेत. मित्रांनो, छापखान्यातून आम्ही पाचशे जणी एकदम निघालो होतो. बाकीच्यांचे काय झाले, मला ठाऊक नाही.

मला एका ताईंनी विकत घेतले. त्या आणि त्यांची धाकटी बहीण मिळून परदेश पाहणार होत्या. धाकटी दवाखान्यात परिचारिका; सगळे त्यांना सिस्टर म्हणत. ताई भाजी निवडता निवडता माझ्यातली वाक्ये मोठ्याने घोकत आणि सिस्टर म्हणत, "ताई, अगं हळू! तिकडचे लोक घाबरून पळतील." ते माझे सुखाचे दिवस होते.

मग ताई आजारी पडल्या आणि गेल्या. वर्षभर मी कपाटात पडून राहिले. निवृत्त झाल्यावर सिस्टरनी मला पिशवीत टाकले आणि त्या एकट्याच निघाल्या.

परदेशात त्यांनी सर्वांत स्वस्त, सामायिक खोली घेतली. तिच्यात दोन-दोन एकावर एक असे सहा पलंग होते. बाकीची तरुण मंडळी कानांत गाणी घालून पडलेली असत. सिस्टर दिवसभर पायी फिरत, बागेत बसून पाव खात. दुकानात त्या मोबाइल पुढे धरत. मोबाइलच बोले आणि समोरचा माणूस मोबाइललाच उत्तर देई. पाच दिवसांत कोणी त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही. मीही पिशवीच्या तळाशी मिटलेलीच होते.

सहाव्या दिवशी त्या कपडे धुवायला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेल्या. तिथली बाई एकटीच मोठमोठ्या चादरींच्या घड्या घालत होती. चादरीचे टोक सारखे जमिनीला लागत होते. सिस्टरना राहवेना. त्यांनी उठून दुसरे टोक धरले. जन्मभर वॉर्डात चादरी बदललेले हात ते! दोघींनी न बोलता अख्खा ढीग संपवला.

मग बाईने काहीतरी विचारले. सिस्टरनी मोबाइलऐवजी मला बाहेर काढले. बाईने उजवी पाने चाळली आणि एका वाक्यावर बोट ठेवले: "तुम्ही एकट्याच आलात का?"

सिस्टरनी माझी पाने उलटली. 'माझी बहीण उद्या येईल' असे एक वाक्य माझ्यात आहे. त्याच्या समोरच्या परक्या ओळीत त्यांनी 'माझी बहीण' हे शब्द दाखवले आणि उरलेले शब्द तळहाताने झाकले.

मित्रांनो, त्यांना हवे होते ते वाक्य माझ्यात नव्हते. मला फार लाज वाटली. पण बाईला कळले. तिने बाकावरचा ढीग सरकवला आणि सिस्टरचा हात हातात घेऊन ती शेजारी बसली. ताई गेल्यापासून सिस्टर पहिल्यांदाच रडल्या.

पुढचे चार दिवस त्या रोज घड्या घालायला गेल्या. सिस्टर एकेक मराठी वाक्य म्हणत आणि बाई ते माझ्या समासात पेन्सिलीने आपल्या लिपीत लिहून घेई. 'बसा'चे ती 'पासा' करी. सिस्टर पोट धरून हसत. निघताना त्यांनी मला तिच्या हातात ठेवले. "राहू दे गं तुझ्याकडे," एवढेच म्हणाल्या.

आता मी साबणाच्या डब्यांशेजारी फळीवर असते. ओलीने माझी पाने फुगली आहेत. माझी डावी बाजू वाचणारे इथे कोणी नाही. सिस्टरचे एक पत्र आले. त्यानंतर आले नाही. दुपारी गिऱ्हाईक नसले की बाई मला उघडते आणि रिकाम्या बाकाकडे पाहून म्हणते, "कशा आहात?"

मित्रांनो, मला कव्हर घाला असे मी म्हणत नाही. पण फिरत फिरत कधी इथे कपडे घेऊन आलात, तर थोडा वेळ मोबाइल खिशात ठेवा. ती मुलग्यांनाही "कशा आहात?" असेच विचारील. तिला हसू नका. "बरी आहे," म्हणा.