पाठीवरचे दोन तळवे

मी एक स्कूटर. वयाने जुनी, रंगाने कालची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टँडवर उभी राहून हे सांगते आहे. छपराला एक बारीक भोक आहे. त्यातून उतरणारा कवडसा सकाळी माझ्या हँडलवर असतो आणि दुपार कलता कलता मागच्या आसनावर जाऊन बसतो. ज्या आसनावर तो बसतो, त्या आसनाचीच ही कहाणी.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची सपाट चादर होते तेव्हाचे मला काही आठवत नाही. दाबयंत्राखालून बाहेर आले तेव्हा मला कंबर होती, गाल होते, आणि मागेपुढे हुबेहूब माझ्यासारख्या बहिणींची रांग होती. त्या पुढे कोणत्या घरी पडल्या, कोणास ठाऊक. मला नेणारा माणूस मात्र आगळा निघाला. इतर गिऱ्हाइके रंग पाहत, चाके दाबून पाहत. याने मला सुरू करायला लावले आणि डोळे मिटून नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "हीच द्या. हिचा गळा चांगला आहे."

तो पियानो जुळवणारा होता. जागा सोडून गेलेले सूर पुन्हा जागेवर आणून बसवणे हा त्याचा धंदा. माझ्या पायफळीवर त्याची कातडी पिशवी असे. तिच्यात तारा ताणण्याची किल्ली, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे तुकडे आणि एक स्वरकाटा. माझा आवाज किंचित उतरला तरी त्याला भर रस्त्यात कळे, आणि तो मला कडेला घेऊन विचारपूस केल्यासारखा खाली वाके. बायकोने त्याचे नाव ठेवले होते कानसेन. म्हणे, आमच्या कानसेनांना भिंतीपलीकडची मुंगी शिंकलेली ऐकू येते. भाजी आणा म्हटलेले तेवढे ऐकू येत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती दोघे धरणाच्या भिंतीवरच्या रस्त्याने जात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोलवर पसरलेली हिरवी जमीन, आणि मधून मी. माझ्या आवाजात त्यांना बोलता येत नसे, म्हणून तिने एक भाषा काढली होती. डाव्या खांद्यावर टिचकी, म्हणजे डावीकडे वळा. उजव्या खांद्यावर टिचकी, म्हणजे उजवीकडे. दोन्ही तळवे पाठीवर सपाट टेकले, म्हणजे सगळे ठीक आहे, असेच चालू द्या. त्या रस्त्याला वळणे फार नव्हती. तळवेच बहुधा टेकलेले असत.

मग वये वाढली, गुडघे कुरकुरू लागले, आणि चार चाकांचे बिऱ्हाड दारात आले. मला शेडमध्ये लोटून अंगावर पोते टाकण्यात आले. गंजणे म्हणजे नाश, असे माणसे समजतात. मला ते झोपेसारखे वाटले. तांबूस, उबदार, हळूहळू चढत जाणारी झोप. माझ्या डिकीत एका उंदरिणीने संसार मांडला. तिची पिले माझ्या स्वप्नांतून धावत. टाकीत उरलेले पेट्रोल आटून डिंक झाले आणि मला वाटे, तो धरणातले पाणी आटल्याचा वास आहे.

जाग आली ती पोते ओढल्याने. समोर तोच होता. केस पांढरे, हात तसेच. त्याने मला नखशिखांत सोडवले. एकेक नट तेलात बुडवला, एकेक पत्रा पॉलिश पेपरने घासला. जुन्या बरण्यांत, फळ्यांवर, वर्तमानपत्रावर मी शेडभर पसरले होते. त्या दिवसांत मला एक प्रश्न पडे: यांतली मी कोणती? बरणीतले स्क्रू, खुंटीवर टांगलेले हँडल, की मधल्या रिकाम्या जागेत रेंगाळणारा रॉकेलचा वास? एवढे खरे, कधी नव्हे इतके हलके वाटत होते.

काम करता करता तो दाराशी बसून शेंगा निवडणाऱ्या बायकोशी बोले. एकदा हातातली पिस्टनची कडी उजेडात धरून त्याने आपला निर्धार तिला सांगितला. हिचा सूर मी माझ्या कानाने लावणार, आणि मग आपण धरणावर जायचे; आणि तो ज्या दिवशी मला लावता येणार नाही, त्या दिवशी किल्लीची पिशवी मिटून ठेवीन. ती भराभर शेंगा सोलू लागली.

तिला जे ठाऊक होते ते मलाही लवकरच कळले. माझ्या उजव्या गालाआड, कार्ब्युरेटरच्या अंगाला एक छोटा स्क्रू आहे. उभ्या गाडीने किती हळू धडधडावे ते त्याच्या हाती. गॅरेजवाले त्याला स्लोचा स्क्रू म्हणतात. मी जुळून उभी राहिले आणि पहिल्या काही लाथांनंतर सुरू झाले, तेव्हा तो त्या स्क्रूपाशी वाकला. मी अगदी बरोबर चालत होते. तो स्क्रू चढवू लागला. मी चढले. त्याने आणखी चढवला. मी किंचाळू लागले, फळीवरच्या बरण्या थरथरू लागल्या, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटले. ज्याच्या कानावर भाळून मी या घरी आले होते, त्या कानापर्यंत आता माझी किंकाळीच तेवढी पोहोचत होती.

दुपारी तो आडवा झाला की ती चोरपावलांनी शेडमध्ये येई. शिवणयंत्राच्या खणातला बारीक पेचकस तिच्या पदराखाली असे. इतकी वर्षे पाहून पाहून तिला माझे बरेच शरीरशास्त्र अवगत झाले होते. मला हलकेच सुरू करून ती स्क्रू उतरवी. मी पूर्वीच्या ठेक्यात आले, की गालावर हात ठेवून क्षणभर थांबे. नवऱ्याने लावलेला सूर खरा ठरावा, एवढाच तिचा हेतू.

पण सकाळी तो मला सुरू करी, त्याला काहीच ऐकू येत नसे, आणि रात्रीत कार्ब्युरेटरात कचरा अडकला असे समजून तो ते पुन्हा सोडवी, पुसे, बसवी, आणि स्क्रू पुन्हा चढवी. दुपारी ती पुन्हा उतरवी. दोघांच्या मायेच्या ओढाताणीत माझी दुरुस्ती काही संपेना. मला रागवावेसे वाटे. पण रोज दोन वेळा जिव्हाळ्याचा हात लागत असताना रागावणार कोणावर?

एके दिवशी संगीतशाळेच्या बाई मागच्या फाटकाशी आल्या. शेड फाटकाला लागून, त्यामुळे सारे मला ऐकू आले. त्याने नुकत्याच जुळवलेल्या पियानोच्या वरच्या पट्ट्या बोचतात, मुलेही हसतात, असे त्या संकोचत सांगत होत्या. बायकोने त्यांना फाटकातच थोपवले. यांना जरा कणकण आहे, बरे वाटले की येऊन पाहतील, असे सांगून वाटेला लावले. मग शेडच्या भिंतीला टेकून ती बराच वेळ उभी होती. पत्र्यातून मला तिचा श्वास लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्क्रूला हात लावला आणि बोटे नाकाशी नेली. कान मंदावले की नाक धारदार होते म्हणतात. त्याने पुन्हा वास घेतला आणि तिला हाक मारली.

"माझ्या शेडमध्ये शिवणयंत्राचं तेल कुठून आलं गं?"

ती दारात आली. पदराला हात पुसत राहिली.

"म्हणजे मी रोज चढवतो, आणि तू रोज उतरवतेस," तो सावकाश म्हणाला. "आणि मी या बापडीला शिव्या घालतोय."

माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली. मग तिच्याकडे न पाहता विचारले, "कधीपासून कळलंय तुला?"

ती जवळ आली, त्याच्या उजव्या कानाशी वाकली आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "चहा घेणार का विचारलं, तर 'गुरुवारी' म्हणालात ना, तेव्हापासून."

तो हसला नाही. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

आता मात्र त्याला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले. त्याने ते कोपराने पुसले. बोटांना तेल होते. मी कान देऊन उभी होते. पिशवी आता मिटणार आणि मी पुन्हा पोत्याखाली जाणार, असे मला वाटले. तांबूस झोप दाराशी येऊन बसली.

त्याने ठोकळा ओढला, माझ्या गालाशी बसला आणि मला सुरू करायला तिला सांगितले. मी सुरू झाले. पेचकस स्क्रूवर टेकून तो थांबला. मग पाठ तिच्याकडे करून ताठ बसला.

ती समजली. त्याच्या मागे उभी राहिली. डाव्या खांद्यावर टिचकी. त्याने पेचकस डावीकडे फिरवला, मी उतरले. आणखी एक टिचकी, आणखी थोडी उतरले. मग उजवीकडे, अगदी केसभर. बरण्या निवल्या. छपराच्या भोकातून कवडसा माझ्या हँडलवर पडला होता आणि धूर त्यातून निळा होऊन वर चढत होता. तिने डोळे मिटले होते. पहिल्या दिवशी त्याने मिटले होते तसे.

तिचे दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर सपाट टेकले.

मग त्याने माझ्या गालावर हात ठेवला, आणि मला वाटते, मी त्याला तळहातातून ऐकू गेले असावे. निघण्याआधी त्याने खुंटीवरची कातडी पिशवी काढली, स्वरकाटा एकदा बोटांनी चाचपला आणि पिशवीचा पट्टा घट्ट आवळला.

"धरणावर जाऊच," तो म्हणाला. "पण आधी संगीतशाळेत थांबायचंय. पियानो माझ्याकडून बिघडलाय, हे मीच सांगायला हवं. ही पिशवी तिथंच देऊ. कुणी तरुण कान असेल, त्याच्या कामी येईल."

तिने पिशवीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "बाईंना मी कणकण आहे म्हणून सांगितलंय."

"बरं झालं," तो म्हणाला. "उतरली म्हणून सांगू."

आता ती दोघे कपडे बदलायला आत गेली आहेत. पिशवी माझ्या पायफळीवर, तिच्या जुन्या जागी आहे. तिचा हा शेवटचा प्रवास आहे, हे तिला बहुधा ठाऊक असावे. वाचकहो, तुमच्याही घरामागे कोणी पोत्याखाली झोपले असेल, तर त्याला हाक मारून थांबू नका. हाक पोहोचतेच असे नाही. जवळ जा, हात टेका.

पावले वाजत आहेत. तो मला नेहमीसारखी एका अंगावर कलती करील, टाकीतले पेट्रोल खळखळेल, एक लाथ बसेल. मागून येणारी वाहने मला ऐकू येतील, तिला ऐकू येतील, आणि तिच्या बोटांतून त्याला. संगीतशाळेपर्यंत वळणे बरीच आहेत. त्यानंतर सरळ रस्ता.