मौनाचा शनिवार

एमेटनं बोट जिभेला लावून इस्त्रीच्या तळाला टेकवलं. चर्र झालं. छावणीच्या जेवणघरातल्या लांब टेबलावर पसरलेला, खांद्यावरून घ्यायचा पांढरा पट्टा त्यानं तळहातानं सारखा केला, वर ओलं फडकं घातलं आणि बेताबेतानं इस्त्री फिरवायला घेतली. पट्ट्यावरचा लाल बाण जुना होता. जोर लावला तर रंग पांढऱ्यावर उतरेल म्हणून तो दर दोन मिनिटांनी फडकं उचलून पाहत होता.

पट्टा डेरेक टॉम्झाकचा. डेरेकला जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या आईनं तो बुटांच्या खोक्यात घालून पाठवला होता, सोबत चिठ्ठी, की जेवणघरात शेकोटीच्या बाजूला लावाल का. काचेची चौकट तयार होती. आज पाच वाजता, जेवणाआधी, ती एमेटच्या हातून भिंतीवर चढायची होती.

“भाजतोयस की इस्त्री करतोयस?”

दारात प्रूइट सर उभे होते. हातात होडीच्या वल्ह्याएवढा लाकडी पळा, पोटावर रश्शाचे डाग पडलेला एप्रन. कागदाच्या गिरणीत बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा माणूस स्काउटांच्या या मानाच्या मंडळाचा सल्लागार होता. आणि सप्टेंबरातल्या या एका शनिवारी सल्ला कमी, स्वयंपाक जास्त करायचा. बाहेर लोखंडी काहिलीत पहाटेपासून बूया, इथला घट्ट रस्सा, शिजत होता. कोंबडी, बैलाचं शेपूट, कोबी, बटाटे, जे हाताला लागेल ते. विस्कॉन्सिनच्या या टोकाला बूया नसेल तर माणसं मेळाव्याला येत नाहीत, हे सर उघडच सांगत.

“भाषण झालं लिहून?”

“झालंय, सर.”

“किती?”

“तीन पानं.”

“दोन कर. बूया थंड झाला तर लोक आचाऱ्याला नाही, वक्त्याला शिव्या घालतात.” सर जरा आत आले. पट्ट्याकडे बघून त्यांनी पळा उगाच या हातातून त्या हातात घेतला. “मिसेस टॉम्झाक येतायत. थिओलाही आणतायत म्हणे. पोरगं वर्षात पहिल्यांदा येतंय. जरा बघ त्याच्याकडे.”

“बघतो,” एमेट म्हणाला.

या मंडळात पदं पोरांकडेच असतात. एकवीस पुरी झाली की मत गेलं, पद गेलं. मग कडेला उभं राहून पोरांना काम करताना बघायचं आणि जमल्यास तोंड मिटून राहायचं. एमेट दोन वर्षं प्रमुख होता आणि येत्या गुरुवारी तो एकवीस वर्षांचा होणार होता. म्हणून आजचं निरोपाचं भाषण. विषय ठरलेला, ‘सेवेनं मला काय दिलं’. तीन पानांत त्यानं सगळं लिहिलं होतं. तळ्याचा धक्का कसा बांधला, वादळात पडलेली झाडं कशी हटवली, उत्तरेची पायवाट दगड लावून कशी घडवली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण जे सांगायचं ठरवून तो आज इथे आला होता ते त्या पानांत नव्हतं. ते कागदावर उतरतच नव्हतं. चार वेळा लिहायला बसला आणि चारही वेळा उठून गाडी धुऊन आला.

मंडळात येण्याची रीत अशी. तुमच्याच पथकातली पोरं मतं देऊन तुम्हाला निवडतात. मग एका शुक्रवारी तुम्ही इथे यायचं, फोन खोक्यात टाकायचा, रात्री एकट्यानं उघड्यावर झोपायचं. शनिवार उजाडला की दिवसभर काम, नावापुरतं खाणं, आणि मौन. अक्षर बोलायचं नाही. गळ्यात छोटा लाकडी बाण. संध्याकाळी पट्टा खांद्यावर पडला की मौन सुटलं.

गेल्या वर्षी नव्या पोरांना नियम एमेटनंच सांगितले होते. “दुखलं, लागलं, चक्कर आली तर हात वर करायचा. बाकी काहीही असो, उद्यापर्यंत थांबेल.” हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं. पुस्तकात तसं कुठेच नव्हतं. बोलताना त्याला ते फार छान वाटलं होतं.

थिओ टॉम्झाक तेव्हा चौदाचा. डेरेकचा धाकटा भाऊ. सकाळी दहाच्या सुमारास, पायवाटेवर दगड वाहताना त्यानं हात वर केला. एमेट गेला. खुणेनं विचारलं, पाय? मान नाही म्हणाली. पोट? नाही. चक्कर? नाही. थिओनं तोंड उघडलं तसं एमेटनं हसून ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी उकडलेलं अंडं आणि पाव वाटताना पुन्हा तेच. पुन्हा हात, पुन्हा खुणा, पुन्हा बोट. एमेटच्या मनात आलं, पोरगं कच्चं आहे, पण धीर दिला तर टिकेल. त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं.

चार वाजता थिओ काम सोडून चालत त्याच्यापाशी आला आणि खिशातून चाकू काढून पुढे केला. हरणाच्या शिंगाची मूठ, तिच्यावर तापल्या खिळ्यानं डागलेली डेरेकची अक्षरं. एमेटनं तो लगेच ओळखला. एमेट आणि डेरेक एकाच शनिवारी मंडळात आले होते, याच रानात, हाकेच्या अंतरावर झोपले होते. तो चाकू डेरेक कुणाच्या हाती देत नसे. एमेटला सफरचंद कापायलासुद्धा दिला नव्हता कधी. “माझं सफरचंद, माझा चाकू, तू फक्त खा,” म्हणायचा. असा चाकू धाकट्याच्या खिशात होता आणि धाकटा तो दाखवत थरथरत होता. एमेटनं चाकू पाहिला, थिओकडे पाहिलं. भावानं मोठ्या दिवसासाठी भेट दिली वाटतं, पोरगं मिरवतंय. त्यानं अंगठा वर करून दाखवला. मग ओठांवर बोट.

थिओ वळला आणि दगड उचलायला गेला.

दिवसभर गप्प राहून, एकेक गोष्ट जुळवून त्या पोराला उमगलं होतं की डेरेकनं चाकू दिला तो निरोप म्हणून, आणि ते सांगायला त्याच्यापाशी तो चाकू तेवढा होता. टॉम्झाकांचं घर तिथून गाडीनं वीस मिनिटांवर. सात वाजता एमेटनं स्वतःच्या हातांनी थिओच्या खांद्यावर पट्टा घातला आणि म्हणाला, “बोल आता.” थिओ म्हणाला, “मला घरी फोन करायचाय.” खोक्यातून फोन काढून दिला तेव्हा सव्वासात झाले होते. पलीकडे घंटा वाजत राहिली. डेरेक सहानंतर कधीतरी, घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं गेला होता.

थिओनं तीनदा सांगायचा प्रयत्न केला होता, हे एमेटला ठाऊक होतं आणि थिओला. तिसऱ्या कुणालाच नाही. वर्षभरात एमेटनं चारशे तास सेवा केली. मंडळात तेवढी कधी कुणीच केली नव्हती. सगळे म्हणाले, काय पोर आहे. तो मर मर राबत होता ते का, हे कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी तो घडाघडा बोलला असता याची त्याला खात्री नव्हती.

साडेचारला निळी गाडी आवारात आली. मिसेस टॉम्झाक खाली उतरल्या. त्या वृद्धाश्रमात परिचारिका होत्या, तशाच कामाच्या कपड्यांत आल्या होत्या. मागून थिओ उतरला. वर्षात हातभर उंच झालेला. त्यानं एमेटकडे पाहिलं, मान हलवली आणि काहिलीपाशी जाऊन उभा राहिला. प्रूइट सरांनी पळा त्याच्या हातात दिला.

“एमेट, किती वाळलास रे,” मिसेस टॉम्झाकनी त्याला जवळ घेतलं. चौकटीतला पट्टा पाहून त्या जवळ गेल्या. मग काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या, “मला कधी इतका सरळ करता आला नाही. इस्त्री टेकवली की रंग पसरायचा.”

“ओलं फडकं घालायचं वरून.”

“अस्सं.” त्यांनी डोळे पुसले. “तुला सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी थिओ घरी नव्हता, इथे तुझ्याजवळ होता, याचे मी किती आभार मानते. तू सांभाळलंस त्याला.”

“मिसेस टॉम्झाक, मला तुमच्याशी—”

“ऐक. मी ड्यूटीवर होते. लोक विचारतात, काहीच कसं कळलं नाही? नाही कळलं. मला नाही, थिओला नाही, कुणालाच नाही. थिओनं तर फोन केला होता त्याला, पट्टा मिळाला म्हणून सांगायला.” त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “एवढ्यावरच उभी आहे मी, एमेट. कुणाला कळलं असतं आणि कुणी गप्प बसलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी उठलेच नसते.”

बाहेरून कुणीतरी ओरडलं, “प्रूइट सर, या पोरानं बूया ढवळला की खणला?” आणि चार जण हसले. मिसेस टॉम्झाक वळून खिडकीतून थिओकडे बघू लागल्या. तो हसत नव्हता.

पाच वाजता जेवणघर भरलं. शंभरेक पोरं, निम्म्यांच्या खांद्यावर पट्टे, वाडग्यांचा खडखडाट. एमेटनं चौकट खिळ्याला लावली, एका अंगाला कलली होती ती सरळ केली आणि शेकोटीपुढे येऊन उजवा हात वर करून तीन बोटं दाखवली. ही स्काउटांची गप्प बसायची खूण. एकेक हात वर जात गेला, एकेक आवाज मिटत गेला. मागच्या बाकावरून थिओचाही हात वर गेला.

सगळं शांत झालं तेव्हा एमेटनं हात खाली घेतला, तीन पानांची घडी केली आणि मागच्या खिशात घातली. प्रूइट सरांच्या भुवया वर गेल्या.

“मी लिहून आणलंय,” एमेट म्हणाला, “पण ते नाही वाचत. गेल्या वर्षी याच शनिवारी, नव्या पोरांना नियम मी सांगितले होते. त्यातला एक नियम—”

मागे थिओ उठून उभा राहिला. त्याच्या शेजारी आई पुढे झुकून, हात मांडीवर जुळवून ऐकत होती. तिला तो दिसत नव्हता. थिओनं एकदा तिच्या केसांकडे पाहिलं. मग समोर एमेटकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एमेटनं वर्षभर रोज त्या चेहऱ्यावर राग कल्पिला होता आणि तो सोसायची तयारी करून आज इथे आला होता. तो असता तर बरं झालं असतं. नुसतं बोट होतं, आणि ते हलत नव्हतं.

“त्यातला एक नियम?” पहिल्या रांगेतलं एक पोरगं कुजबुजलं.

एमेटनं मागच्या खिशातून कागद काढले. त्यानं घडी उलगडली.

“त्यातला एक नियम असा,” तो म्हणाला, “की दगड लावताना मोठे आधी लावायचे.”

पोरं हसली. मग त्यानं तिन्ही पानं वाचली. धक्का, वादळात पडलेली झाडं, उत्तरेची पायवाट. त्याचा आवाज चांगला लागला होता, असं नंतर बरेच जण म्हणाले. संपल्यावर सगळ्यात आधी मिसेस टॉम्झाक उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. त्यांच्या शेजारी थिओ खाली बसला, वाडगं पुढे ओढलं आणि जेवू लागला.