बिननावाचं ते तण

"याचं नाव काय, दादूकाका?"

"आघाडो."

"आणि हे तुऱ्याचं?"

"कुर्डू. कवळा असताना भाजी करतत."

रुचिरा वहीत लिहीत होती. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आणि सोसायटीचा पंप ऑपरेटर दादू परब, दोघं पंपरूमच्या मागे उकिडवे बसले होते. हातात दोनच दिवस होते.

बोरिवलीची ही सोसायटी नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून होती. भिंत आणि पंपरूम यांच्यामधल्या पट्ट्यात दर पावसाळ्यात पलीकडचं जंगल कमिटीला न विचारता उगवायचं. सेक्रेटरी तावडे तिथे पेव्हर ब्लॉक टाकणार होते. रुचिराने रानफुलांसाठी अर्ज केला, तेव्हा तावड्यांनी पूर्ण न्यायबुद्धीने नोटीस लावली: 'नावाची पाटी असलेली झाडे ठेवण्यात येतील. बिननावाचे ते तण. रविवारी काढण्यात येईल.'

पाट्यांची अडचण नव्हती. फ्लॅट विकून जाणारे लोक गीझर न्यायचे, देवघर न्यायचे, दारावरची पाटी विसरायचे. दादूने त्या बावीस वर्षं जपल्या होत्या, कुणी मागायला आलं तर असाव्यात म्हणून. कुणी आलं नव्हतं. आता त्या उलट्या करून मागे नावं रंगवली. केना डॉ. देवधरांच्या पाठीवर गेला. टाकळ्याच्या मागे 'कुत्र्यापासून सावधान' होतं. तेरड्याला दादूने एकुलती एक पितळी पाटी दिली. त्याची बायको मथुरा दर भाद्रपदात इथलाच तेरडा मुळासकट गौर म्हणून घरी न्यायची. ती जाऊन दोन गौरी झाल्या होत्या.

शेवटी भिंतीच्या बुडाशी एक रोप उरलं. जांभळं फूल, शर्टाच्या बटणाएवढं. दहाला उघडायचं, जेवणाच्या वेळेला मिटायचं. वेळ बँकेची, पण सुट्टी नाही.

"हे?"

दादूने ब्रश खाली ठेवला.

"मथुराक म्हायत होता. दर वर्षी सांगी."

"मग?"

"मी 'हां हां' म्हणी. माझा लक्ष पंपाकडे."

रुचिराने फोन फुलाजवळ धरला. फोनने तीन लॅटिन नावं सुचवली. "पहिलं बहुतेक बरोबर आहे, काका. लिहून टाकू?"

"नको."

"अहो, नाव बरोबर आहे."

"आसात. पण ह्या तिचा नाव नाय."

"मग गावाला फोन करा ना. कुणाला तरी माहीत असेल."

दादूने मेहुणीला फोन लावला. जानकीने फुलाचं वर्णन शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भावोजी, जेवलात मा?"

शनिवारी त्याने ते नाव आठवायचा प्रयत्न केला. टाकी दोनदा भरून वाहिली. मथुराचा आवाज आठवला, पदराला पुसलेला मातीचा हात आठवला. नावाच्या जागी त्याचाच 'हां हां' ऐकू यायचा.

रविवारी सकाळी तावडे दोन माणसं आणि कुदळ घेऊन आले. एकेक पाटी वाचत, चष्मा वरखाली करत भिंतीपर्यंत पोचले आणि तिथे थांबले.

जांभळ्या फुलासमोर निळी पाटी रोवली होती: 'दादू परब, पंप ऑपरेटर.'

"दादू, हे काय आहे?"

"पाटी, साहेब."

"ही तुझी पाटी आहे."

"होय. नोटिशीत नावाची पाटी म्हटलाहा. कोणाच्या नावाची ता खंय म्हटलाहा?"

तावड्यांनी खिशातून नोटीस काढून पुन्हा वाचली. खाली सही त्यांचीच होती.

"आणि पाण्याची तक्रार असली की लोकांनी काय इथे यायचं?"

"येवंदेत. दहा ते एक."

रुचिराने तोंड वहीत घातलं. तावडे नोटिशीची घडी घालून वळले. कुदळ न वापरता परत गेली.

"काका, खरं नाव सापडलं तर?"

"तर माझी पाटी काढतलंय," दादू म्हणाला आणि पंप सुरू करायला आत गेला.

पंपरूमच्या दारावर, जिथे त्याची पाटी होती, तिथे रंग अजून ताजा दिसत होता. वर स्क्रूची दोन भोकं, खाली दोन.