साहेब खाली बसले तो दिवस

मी एक जुनी सतरंजी आहे, खालापूरकडच्या एका गावाच्या गावकीची. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू सगळं विसरून माफ करतात असं तुम्हांला वाटत असेल. मी नाही करत.

मला कर्जतच्या बाजारातून आणलं तेव्हा माझे निळे-तांबडे पट्टे उठून दिसायचे. शेताला पाणी कुणी कधी घ्यायचं, गुरं कुठे चारायची, हे माझ्यावर बसून ठरायचं. माझ्यावर बसून दिलेला शब्द मोडायचा नाही, असा गावाचा नेम होता. डोंगरावरच्या वाडीतली सोनुबाई मला दरवर्षी नदीवर धुवायची. बैठकीला मात्र तिला बाहेर मातीत बसवायचे. याचा मला फार राग यायचा.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला एक कारखाना आला. पाणी पिवळं झालं, डोहातले मासे उलटे तरंगू लागले, शेतातलं उभं भात करपलं. गावचे मोठे शेतकरी आबाजी यांनी बैठक बोलावली. कारखान्याचे साहेब आले, मामलेदार आले. पाहुणे म्हणून आबाजींनी दोघांना खुर्च्या दिल्या. साहेब बूट घालूनच मला तुडवत गेले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "घाण पाणी बंद करतो." काहीही बंद झालं नाही. लोक चिडले, तेव्हा आबाजींनी कपाळाला हात लावला.

"सतरंजीवर बसलाच नव्हता रं तो! शब्द धरायचा कसा?"

पुढच्या बैठकीआधी सोनुबाईने मला त्याच नदीत धुतलं. माझे रंग विटले, मधोमध पिवळा डाग पडला आणि अंगाला दर्प बसला.

"विहिरीच्या पाण्यातनं काढ गं," आबाजी म्हणाले.

"नाय. अशीच हातरा."

या वेळी खुर्च्या नव्हत्या. साहेब पांढऱ्या पँटीनिशी माझ्यावर टेकले. मी अजून ओली होते. माझ्यात होता नव्हता तेवढा वास मी त्यांच्यावर सोडला. नाकाला रुमाल लावून ते ओरडले, "ही घाण कसली?"

"तुमचीच हाय, सायेब," बाहेरून सोनुबाई म्हणाली. "आमी पितो ती."

मामलेदारांनी मान खाली घातली. आबाजींनी सरकून जागा केली.

"वर ये गं सोनुबाई, बस."

"तुमचं भात करपलं तवा आठवली व्हय मी?" ती म्हणाली. पण आली, आणि साहेबांच्या अगदी समोर बसली.

त्या दिवशी सोनुबाईने सांगितलं आणि मामलेदारांनी लिहून घेतलं. घाण पाणी नदीत सोडायचं नाही. आणि दर बैठकीआधी मला कारखान्याच्या खालच्या अंगाला धुवायचं, मग साहेबांना माझ्यावर बसवायचं. साहेबांनी शब्द दिला, खाली बसून. पाणी हळूहळू निवळलं. मला आजही तो दिवस आठवला की बरं वाटतं.

मित्रांनो, आता मी देवळाच्या माळ्यावर पडून असते. सोनुबाई गेली, आबाजीही गेले. मला उंदरांपासून जपा, पण माझा पिवळा डाग काढू नका. कारखान्यात नवे साहेब येतच राहतात. ते आले की मला अंथरा, सगळ्या गावाला आणि वाडीला भोवती बसवा, आणि साहेबांना नेमकं त्या डागावर बसवा.